वारंवार गर्भपात आणि ‘इम्यून’ तपासण्या : यवतमाळ जिल्ह्यातील एका जोडप्याचे प्रकरण

या प्रकरणातील स्त्रीचे वय ३४ वर्षे आणि तिच्या पतीचे ३९. यवतमाळ जिल्ह्यातील आर्णी–घाटंजी पट्ट्यात त्यांची पाच एकर कोरडवाहू शेती आहे. कापूस, तूर आणि सोयाबीन ही पिके. लग्नाला अकरा वर्षे झाली असून टेस्ट ट्यूब उपचारांतून राहिलेल्या तिन्ही गर्भधारणा पहिल्या तीन महिन्यांतच संपल्या. तिसरी संपत असताना, रक्तस्राव आणि पोटदुखी घेऊन ती तालुक्याच्या ठिकाणच्या आमच्या रुग्णालयात आली आणि तिच्यासोबत प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली एक जाडजूड फाइलही आली. हे प्रकरण लिहिण्यास दोघांनी संमती दिली आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

फाइल वाचताना पहिल्यांदा ध्यानात आले ते असे की, या बाईंच्या तपासण्या कमी पडलेल्या नव्हत्या. उलट एका शेतकरी कुटुंबाने जेवढ्या तपासण्यांचे पैसे भरावेत त्याच्या कितीतरी पट अहवाल त्यात होते. मात्र ज्यांच्या निकालावरून उपचार ठरवता येतो अशा तपासण्या एकतर झालेल्या नव्हत्या किंवा भलत्या वेळी झालेल्या होत्या, आणि ज्या आकड्यांचा अर्थ आजही नेमका सांगता येत नाही त्यांच्यावर सगळा उपचार उभा होता. प्रकरण लिहून काढावेसे वाटले ते एवढ्याचसाठी.

पार्श्वभूमी

लग्नानंतर चार वर्षे मूल न झाल्याने जिल्ह्याच्या ठिकाणी नळ्यांचा एक्स-रे काढला गेला, त्यात दोन्ही गर्भनलिका बंद आढळल्या. दुर्बिणीच्या तपासणीत जननमार्गाच्या क्षयरोगाचे निदान झाले आणि सरकारी दवाखान्यातून सहा महिन्यांचा औषधांचा कोर्स पूर्ण झाला. आपल्याकडे बंद गर्भनलिकांमागे क्षयरोग हे महत्त्वाचे कारण आहे आणि औषधाने जंतू मेले तरी नळ्या बहुधा पुन्हा उघडत नाहीत. त्यामुळे टेस्ट ट्यूबचा सल्ला योग्यच होता, त्याबद्दल दुमत नाही. क्षयरोगाचे कागद मात्र एका वेगळ्या, पिवळ्या पडलेल्या फाइलमध्ये घरीच राहिले. ही गोष्ट पुढे महत्त्वाची ठरते.

उपचार विदर्भातल्याच एका मोठ्या शहरातील खासगी केंद्रात झाले. बैलजोडी विकून आणि बचत गटाचे कर्ज काढून पैसे उभे केले गेले. एकाच वेळी अंडी काढून त्यांतून सहा गर्भ तयार झाले आणि ते गोठवून ठेवण्यात आले. पहिल्यांदा एक गर्भ सोडला. बीटा एचसीजी (रक्तातील गर्भधारणेच्या संप्रेरकाचा आकडा) ६४ पर्यंत गेला आणि पुढच्या आठवड्यात उतरला. दुसऱ्यांदा दोन गर्भ सोडले, त्यांतला एक रुजला, सातव्या आठवड्यात सोनोग्राफीत हृदयाचे ठोके दिसले आणि नवव्या आठवड्यात ते थांबलेले आढळले. तेव्हा क्युरेटिंग झाले. तिसऱ्यांदा एक गर्भ सोडला. सातव्या आठवड्यात पिशवी दिसली, पण ठोके आलेच नाहीत, आणि त्यानंतर चार-पाच दिवसांनी ती आमच्याकडे पोहोचली. दोन गर्भ अजून केंद्रात गोठलेल्या अवस्थेत आहेत.

पहिल्या गर्भधारणेला गर्भपात म्हणायचे की नाही यावरही तज्ज्ञांत एकमत नाही. ‘एश्रे’ ही युरोपातील प्रजननतज्ज्ञांची संस्था केवळ रक्तात दिसून संपलेली गर्भधारणाही मोजते आणि दोन गर्भपातांनंतर तपासणी सुरू करावी असे सांगते. अमेरिकेतील संस्था सोनोग्राफीत किंवा पेशींच्या तपासणीत सिद्ध झालेल्या गर्भधारणाच धरते. कोणत्याही हिशेबाने या जोडप्याची तपासणी व्हायलाच हवी होती. प्रश्न होता तो कोणत्या तपासण्यांचा.

अहवालांचा गठ्ठा

दुसऱ्या गर्भधारणेतले ठोके थांबल्याचे कळले, त्याच दिवशी, म्हणजे क्युरेटिंगच्या आदल्या दिवशी, केंद्राने ‘इम्यून पॅनेल’ म्हणून रक्त घेतले आणि ते परराज्यातील प्रयोगशाळेत पाठवले. आलेल्या अहवालात लाल अक्षरांत पाच गोष्टी होत्या: रक्तातील एनके पेशी १८ टक्के, प्रयोगशाळेने छापलेली वरची मर्यादा १२, सायटोकाइनचे (संरक्षणव्यवस्थेतील पेशींच्या संदेशवाहक प्रथिनांचे) गुणोत्तर ‘वाढलेले’, एएनए (स्वतःच्याच पेशींच्या केंद्रकाविरुद्धची प्रतिपिंडे) १:८० ला पॉझिटिव्ह, थायरॉइडच्या टीपीओ प्रतिपिंडांची चाचणी पॉझिटिव्ह, आणि अँटिकार्डिओलिपिन आयजीएम हे प्रतिपिंड ‘सौम्य पॉझिटिव्ह’. सहावी गोष्ट म्हणजे रक्त गोठण्याच्या चाचणीत दिसणारे प्रतिपिंड, ल्युपस अँटिकोअ‍ॅग्युलंट, ‘असल्याची शक्यता, पुन्हा तपासावे’ अशी टीप होती आणि ती लाल नसल्यामुळेच की काय, तिच्याकडे कोणाचे लक्ष गेले नाही. माझ्या मते पूर्ण पॅनेलमध्ये खरे वजन असलेली ओळ तीच होती.

या पाच-सहा ओळींचे वजन सारखे नाही, आणि अहवाल मात्र सगळ्यांना एकाच शाईत छापतो.

एनके पेशी ही शरीराच्या संरक्षणव्यवस्थेतील एक जात. गर्भाशयाच्या अस्तरातही त्या असतात, पण तिथल्या पेशी रक्तातल्या पेशींपेक्षा गुणधर्मांनी वेगळ्या आहेत. गर्भ रुजताना आईच्या रक्तवाहिन्या रुंदावण्याच्या कामी त्या मदत करतात असे दिसते. हाताच्या शिरेतून काढलेल्या रक्तात त्यांचे प्रमाण किती, यावरून गर्भाशयात काय चालले आहे हे कळत नाही. शिवाय श्रम, ताण, आजारपण यांनी रक्तातला आकडा वरखाली होतो. गर्भ गेल्याचे नुकतेच समजलेल्या, पहाटे उठून एसटीने तीन तास प्रवास करून आलेल्या बाईच्या रक्तातला आकडा तिचा नेहमीचा आकडा आहे, असे मानायला मला काही आधार दिसत नाही. एश्रेच्या मार्गदर्शक सूचना २०१७ मध्ये आल्या आणि २०२२ मध्ये सुधारल्या गेल्या; वारंवार गर्भपात झालेल्या स्त्रीच्या एनके पेशी, रक्तातल्या असोत की अस्तरातल्या, तपासाव्यात असे सांगण्याइतका पुरावा नाही असे त्या म्हणतात. सायटोकाइनची तपासणीही रोजच्या उपचारात करू नये असेच त्यांचे म्हणणे आहे.

एएनए १:८० हा आकडा तर पूर्णपणे निरोगी माणसांतही वरचेवर सापडतो. सांधे, त्वचा, मूत्रपिंड यांची काही तक्रार नसताना त्यावरून रोगाचे नाव घेता येत नाही. टीपीओ प्रतिपिंडे आणि गर्भपात यांचा संबंध अभ्यासांत दिसतो हे खरे आहे. पण थायरॉइडचे काम व्यवस्थित असलेल्या अशा स्त्रियांना थायरॉक्सिन देऊन फायदा होतो का, याची ब्रिटनमध्ये मोठी चाचणी झाली. ‘टॅब्लेट’ नावाची ही चाचणी २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. जिवंत बाळ होण्याचे प्रमाण औषधाच्या गटात ३७.४ टक्के आणि औषध नसलेल्या दिखाऊ गोळीच्या गटात ३७.९ टक्के, म्हणजे फरक नाहीच. आमच्या बाईंचा टीएसएच (थायरॉइडचे काम दाखवणारा आकडा) ३.१ होता. तिला गोळीची गरज नव्हती. गरोदरपणात टीएसएच पुन्हा पाहणे एवढेच पुरेसे होते.

आता राहिल्या शेवटच्या दोन ओळी. अँटिफॉस्फोलिपिड सिंड्रोम, म्हणजे या प्रतिपिंडांशी जोडलेला रक्त गोठण्याचा विकार, खरा आहे, त्याने गर्भ जातात हे सिद्ध आहे आणि त्यावर उपचारही आहे. म्हणूनच ‘इम्यून तपासण्या सगळ्या थोतांड’ असे सरसकट म्हणणे मला मान्य नाही. लंडनच्या एका रुग्णालयातील ९० स्त्रियांवरील चाचणी १९९७ मध्ये प्रसिद्ध झाली. या विकाराच्या ज्या स्त्रियांना कमी मात्रेच्या अ‍ॅस्पिरिनसोबत रक्त गोठू न देणारे हेपरिन दिले त्यांच्यापैकी ७१ टक्के स्त्रियांना जिवंत बाळ झाले, नुसत्या अ‍ॅस्पिरिनवर ४२ टक्के स्त्रियांना. तेव्हापासून हाच उपचार चालत आला आहे. पण निदानाची अट कडक आहे. २००६ मध्ये ठरलेल्या सिडनी निकषांनुसार प्रतिपिंडे किमान १२ आठवड्यांच्या अंतराने दोनदा सापडली पाहिजेत, अँटिकार्डिओलिपिन मध्यम किंवा जास्त पातळीत असले पाहिजे, आणि दहा आठवड्यांच्या आतले गर्भपात धरायचे तर ते सलग तीन असून गर्भाशयाची रचना, संप्रेरके आणि आईवडिलांची गुणसूत्रे ही कारणे वगळलेली असली पाहिजेत. या अंतराचे कारण साधे आहे: साध्या संसर्गानंतरही ही प्रतिपिंडे काही आठवडे वाढून पुन्हा नाहीशी होतात.

आमच्या बाईंच्या बाबतीत आणखी एक अडचण होती. दुसऱ्या गर्भ सोडण्यापासून तिला ‘खबरदारी’ म्हणून रोज पोटात हेपरिनचे इंजेक्शन चालू होते, आणि रक्त घेतले त्या दिवशीही सकाळी ते टोचलेले होते. ल्युपस अँटिकोअ‍ॅग्युलंटची चाचणी रक्त गोठायला किती वेळ लागतो त्यावरच चालते. हेपरिनने तो वेळ लांबतो आणि गरोदरपणानेही त्यात बदल होतो. म्हणजे जी एकमेव ओळ पुढचा मार्ग ठरवू शकली असती, तीच ज्या दिवशी घेऊ नये त्या दिवशी घेतली गेली आणि पुन्हा घेतलीच गेली नाही.

पॅनेलवरून ठरलेला उपचार

तिसऱ्या वेळी प्रेडनिसोलोन, हेपरिन, अ‍ॅस्पिरिन आणि दर पंधरवड्याला एक इंट्रालिपिडची सलाईन असा उपचार ठरला. इंट्रालिपिड म्हणजे सोयाबीनचे तेल, अंड्यातील लेसिथिन आणि ग्लिसरीन यांचे पांढरे मिश्रण. ज्या रुग्णाला तोंडाने अन्न घेता येत नाही त्याला शिरेतून स्निग्धांश मिळावा म्हणून ते बनवले गेले. पतीने बिल दाखवले तेव्हा सलाईन, ती लावण्याचा खर्च आणि दिवसभराचा बेड मिळून आकडा दोन क्विंटल सोयाबीनच्या हमीभावाच्या आसपास जात होता (२०२४-२५ चा हमीभाव ४,८९२ रुपये). ज्या घरातून सोयाबीन हमीभावाच्याही खाली विकले गेले, त्या घराने त्याच्याच तेलाची बाटली या दराने विकत घ्यावी, यावर त्या माणसाने काही टिप्पणी केली नाही, मीही केली नाही. इंट्रालिपिडने वारंवार होणारे गर्भपात टळतात, असे सांगण्याइतका पुरावा एश्रेच्या सूचनांनाही सापडलेला नाही.

मला जास्त खटकले ते प्रेडनिसोलोन. हे औषध प्रतिकारशक्ती दाबते, आणि या बाईला क्षयरोग होऊन गेलेला होता. सुरू करण्यापूर्वी छातीचा एक्स-रे नाही, क्षयरोगाबद्दल विचारलेली एक ओळ नाही. पूर्वीचे कागद घरी होते हे खरे, पण बंद नळ्यांच्या विदर्भातल्या स्त्रीला हा प्रश्न कागदांशिवायही विचारता येतो. टेस्ट ट्यूबमध्ये गर्भ वारंवार न रुजणाऱ्या ७१५ स्त्रियांवर चीनमध्ये झालेली चाचणी २०२३ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात प्रेडनिसोनने (प्रेडनिसोलोनच्याच जातीच्या औषधाने) जिवंत बाळाचे प्रमाण वाढले नाही, आणि मुदतपूर्व प्रसूतीचे प्रमाण मात्र वाढलेले दिसले. तिथला प्रश्न वारंवार गर्भपाताचा नव्हता, न रुजण्याचा होता, हे ध्यानात ठेवले तरी धोक्याची बाजू उरतेच.

हेपरिनची कथा वेगळी. इंजेक्शने गावातल्या एका शिकाऊ नर्सने टोचली, आणि ती २५ अंशांच्या खाली ठेवायची असल्याने घरात माठाशेजारी ओल्या फडक्यात ठेवली जात. मे महिन्यात, ४५ अंशांच्या उन्हात आणि वीज जात-येत असताना, ती किती थंड राहिली असतील हे सांगता येत नाही. पोटावर निळे-काळे डाग मात्र भरपूर होते. सोनोग्राफीसाठी पोटावरचा पदर बाजूला केल्यावर मला ते दिसले, आणि तिने लगेच पदर ओढून घेतला.

तिसऱ्या वेळी काय केले

ती आली तेव्हा गर्भपात अर्धवट झालेला होता. रक्तस्राव पाहता थांबणे योग्य नव्हते, म्हणून हाताच्या पंपाने गर्भाशय रिकामे करण्याची साधी प्रक्रिया केली. इथे जो निर्णय घेतला तो कोणत्याही तालुका रुग्णालयाला घेता येण्यासारखा आहे, म्हणून तपशिलाने लिहिते: निघालेले ऊतक फॉर्मलिनमध्ये टाकले नाही.

आपल्याकडे क्युरेटिंगनंतर निघालेले सगळे सवयीने फॉर्मलिनच्या बाटलीत जाते आणि मग ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले जाते. दुसऱ्या गर्भपाताच्या वेळी हेच झाले होते; फाइलमध्ये ‘वारेच्या पेशी आढळल्या’ एवढा एका ओळीचा अहवाल आहे. फॉर्मलिनमध्ये पेशी मरतात, म्हणून त्या वाढवून गुणसूत्रे मोजता येत नाहीत. आम्ही वारेचा झुबकेदार भाग निर्जंतुक सलाईनमध्ये धुऊन, रक्ताच्या गुठळ्या बाजूला काढून, सलाईनच्याच छोट्या बाटलीत ठेवला. बाहेर बर्फाचे डबे, त्याला कापड, आणि सकाळच्या पहिल्या गाडीने पतीने ते स्वतः नागपूरला पोहोचवले. गुठळ्या बाजूला काढणे महत्त्वाचे असते, कारण नमुन्यात आईच्या पेशी मिसळल्या तर अहवालात आईचीच गुणसूत्रे दिसतात आणि ‘मुलगी, सामान्य’ असा फसवा निकाल येतो. म्हणून आईचे रक्तही सोबत पाठवले.

तीन आठवड्यांनी निकाल आला: सोळाव्या गुणसूत्राच्या तीन प्रती, म्हणजे ट्रायसोमी १६. लवकर होणाऱ्या गर्भपातांत सर्वांत जास्त आढळणारी ट्रायसोमी हीच, आणि असा गर्भ पूर्ण दिवस भरूच शकत नाही. प्रेडनिसोलोन दिले असते की नसते, सलाईन चार लावली असती की चाळीस, या गर्भाचे भवितव्य बदलणार नव्हते.

पहिल्या तीन महिन्यांतील गर्भपातांपैकी निम्म्याहून अधिक गर्भांत अशी गुणसूत्रांची गडबड सापडते, आणि आईचे वय वाढते तसे हे प्रमाण वाढते. पस्तिशीच्या आतही काही गर्भांत ती निघणे यात नवल नाही. ट्रायसोमी १६ जवळजवळ नेहमी अंड्याच्या विभाजनाच्या वेळी नव्याने होते, आईवडिलांकडून आलेली नसते. त्यामुळे दोघांच्या गुणसूत्रांची महागडी तपासणी सांगण्याचे कारण उरले नाही. दुसऱ्या गर्भाचे काय झाले होते, हे मात्र आता बहुधा कधीच कळणार नाही. तो फॉर्मलिनमध्ये गेला.

पुन्हा केलेल्या तपासण्या

एका गर्भाचे कारण सापडले म्हणून अँटिफॉस्फोलिपिडचा प्रश्न आपोआप मिटत नाही. म्हणून सगळी इंजेक्शने आणि गोळ्या बंद झाल्यानंतर, गर्भपातापासून १४ आठवड्यांनी, तीच प्रतिपिंडे पुन्हा तपासायची ठरवली. या वेळी अट अशी घातली की रक्त आमच्याकडे किंवा तालुक्याच्या कलेक्शन सेंटरवर द्यायचे नाही. ल्युपसच्या चाचणीसाठी निळ्या झाकणाच्या नळीत घेतलेले रक्त चार तासांच्या आत यंत्रात दोनदा वेगाने फिरवून बिंबिकांपासून (प्लेटलेट्सपासून) वेगळे करावे लागते. ते तसेच एसटीच्या पार्सलमध्ये संध्याकाळपर्यंत हिंडले तर निकालाला अर्थ राहत नाही. नवराबायको नागपूरला गेले, प्रयोगशाळेतच रक्त दिले.

ल्युपस अँटिकोअ‍ॅग्युलंट नाही. अँटिकार्डिओलिपिन आणि बीटा-२ ग्लायकोप्रोटीन दोन्ही प्रतिपिंडे सामान्य. पहिल्या वेळचा सौम्य आकडा टिकलेला नव्हता, म्हणजे अँटिफॉस्फोलिपिड सिंड्रोमचे निदान उभेच राहत नव्हते. हा निकाल उलट आला असता तर पुढील गर्भधारणेत हेपरिन मी स्वतःच सांगितले असते, आणि ते माठाशेजारी न ठेवता प्राथमिक आरोग्य केंद्रात २५ अंशांच्या खाली कसे ठेवता येईल, याची व्यवस्थाही पाहिली असती.

दुर्बिणीतून गर्भाशयाच्या आतल्या पोकळीची तपासणी झाली. क्षयरोग आणि क्युरेटिंग या दोन्हींमुळे आत चिकटपणा येण्याचा धोका असतो, पण पोकळी मोकळी होती. साखर सामान्य. बीएमआय २१.

एक तपासणी मात्र फाइलमध्ये कुठेच नव्हती, आणि ती विदर्भात आधी व्हायला हवी. सिकलसेल. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, नागपूर, यवतमाळ या पट्ट्यात सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराचे जनुक चांगलेच आढळते. केंद्र सरकारने २०२३ मध्ये सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू केले आणि त्यातून गावपातळीवर तपासणीही होत आहे. आशाताईंनी घेतलेल्या चाचणीत या बाई पॉझिटिव्ह निघाल्या होत्या, त्याची चिठ्ठी घरी होती, केंद्रात कोणी विचारले नाही. एचपीएलसी (हिमोग्लोबिनचे प्रकार ओळखणारी चाचणी) केल्यावर त्या वाहक निघाल्या, पतीचे हिमोग्लोबिन सामान्य. वाहक असण्याने तिचे गर्भपात झाले असे मुळीच नाही. परंतु पतीही वाहक निघाला असता तर प्रत्येक मुलात आजाराची शक्यता २५ टक्के राहिली असती, आणि गर्भ गोठवून ठेवलेल्या जोडप्याला हे गर्भ सोडण्यापूर्वी कळणे गरजेचे होते. परराज्यात गेलेल्या पॅनेलच्या तुलनेत या तपासणीचा खर्च नगण्य आहे.

घरातले बोलणे

पॅनेलचा निकाल केंद्रात सांगितला गेला तो फार थोडक्यात, आणि घरी पोहोचेपर्यंत तो आणखी आखडला. पती मला म्हणाले, “मॅडम, तिच्या अंगातल्या पेशीच लेकराले मारते, असं सांगतलं त्याइनं.” सासूबाई सोबत होत्या, त्यांनी पुढे जोडले, “इचं रगतच लेकराले धरत नाही म्हन्ते. मंग आमी काय करावं?” त्यात दुष्टावा नव्हता, हतबलता होती, पण दीड वर्ष ही बाई त्या घरात हे ऐकत वावरली होती. उपासतापास वाढले होते, आणि शेजारच्या बाळंतिणीकडे जाणे तिने आपणहून बंद केले होते.

म्हणून ट्रायसोमीचा निकाल सांगताना आधी फक्त दोघांना बसवले. अंड्याच्या विभाजनात ही चूक होते हे सत्य आहे, आणि ते लपवायचे नव्हते. पण ‘रक्त वाईट’ जाऊन ‘अंडे वाईट’ येणार असेल तर तिच्या वाट्याला काय वेगळे आले? गुणसूत्रांच्या जोड्या कागदावर काढून दाखवल्या, प्रत्येक स्त्रीच्या काही अंड्यांत हे होते, वयानुसार थोडे जास्त होते, आणि त्यात कोणाच्या खाण्यापिण्याचा, कामाचा, स्वभावाचा किंवा रक्ताचा संबंध नाही, हे दोनदा सांगितले. तिने एकच प्रश्न विचारला: “मंग निंदायले गेली होती मी, त्याच्यानं नाही ना झालं?” नाही. निंदणीने ट्रायसोमी होत नाही. ते ऐकल्यावर तिने पतीकडे पाहिले, आणि पतीने मान खाली घातली. निंदणीवरून घरात काही बोलले गेले असावे. त्यानंतर सासूबाईंना आत बोलावले आणि सून ऐकत असतानाच तेच सगळे पुन्हा सांगितले.

पुढची दिशा आणि शिल्लक मतभेद

दोन गर्भ उरले आहेत. ते वितळवून, त्यांच्या पेशी काढून, गुणसूत्रे तपासून पुन्हा गोठवावेत का, हा प्रश्न केंद्राने मांडला. वारंवार गर्भपातासाठी ही तपासणी सर्रास करावी असे मार्गदर्शक सूचना सांगत नाहीत. शिवाय दोनच गर्भ असताना हाताळणीत एक जरी गेला तरी नुकसान मोठे. मी विरोधात मत दिले, जोडप्यानेही खर्च ऐकून नको म्हटले. नशिबाचा भाग यात राहतो, हे त्यांना स्पष्ट सांगितले आहे: पुढचा गर्भही गुणसूत्रांच्या कारणाने जाऊ शकतो. मात्र ज्यांच्यात ठोस कारण सापडत नाही अशा जोडप्यांपैकीही बहुसंख्य जोडप्यांना पुढे बाळ होते, आणि निव्वळ त्यासाठी सलाईन लागत नाही.

केंद्राला सविस्तर पत्र लिहिले. त्यात ट्रायसोमीचा निकाल, दुसऱ्यांदा सामान्य आलेली प्रतिपिंडे, क्षयरोगाचा इतिहास आणि सिकलसेलचा अहवाल जोडला, आणि २०२१ च्या सहायक प्रजनन तंत्रज्ञान कायद्यानुसार उपचाराचे फायदे, तोटे, खर्च आणि यशाची शक्यता जोडप्याला समजावून सांगणे केंद्रावर बंधनकारक असल्याने, प्रत्येक जोड औषधाचे कारण लेखी द्यावे अशी विनंती केली. उत्तर सभ्य आले. इंट्रालिपिड आणि प्रेडनिसोलोन काढून टाकण्यास केंद्राने मान्यता दिली. हेपरिन आणि अ‍ॅस्पिरिन मात्र ‘दिल्याने तोटा नाही’ म्हणून ठेवावे असे त्यांचे मत आहे.

माझे मत तसे नाही. कारण न सापडलेल्या वारंवार गर्भपातात अ‍ॅस्पिरिन, किंवा अ‍ॅस्पिरिन आणि हेपरिन, देऊन जिवंत बाळाचे प्रमाण वाढत नाही, हे नेदरलँड्समधील ३६४ स्त्रियांच्या २०१० मधील चाचणीत दिसले आहे. रोज टोचण्याचा खर्च, पोटावरचे डाग आणि रक्तस्रावाचा थोडा का होईना धोका हे तोटेच आहेत. दुसऱ्या केंद्रात जावे तर गोठवलेले गर्भ हलवायला कायद्याप्रमाणे राष्ट्रीय मंडळाची परवानगी लागते, त्यामुळे तो मार्ग जोडप्याला सध्या नको आहे. त्यांनी केंद्राच्या संमतिपत्रावर हेपरिन नको असल्याचे लिहून सही करायची, आणि केंद्राने ते मान्य केले तरच पुढे जायचे, असे ठरवले आहे.

गर्भ सोडण्याची वेळ त्यांनी स्वतः निवडली: सोयाबीन निघाल्यावर आणि कापसाची पहिली वेचणी होऊन हातात पैसे आल्यावर. तोवर फॉलिक अ‍ॅसिड चालू आहे, टीएसएच तपासून ठेवला आहे, आणि गर्भ सोडल्यापासून केंद्राच्या नेहमीच्या पद्धतीने प्रोजेस्टेरॉन मिळेल. सहाव्या-सातव्या आठवड्याची सोनोग्राफी आमच्याकडे होईल, म्हणजे बाईला त्यासाठी शहरापर्यंत जावे लागणार नाही. प्रक्रियेच्या खोलीतल्या कपाटात निर्जंतुक सलाईनच्या छोट्या बाटल्या आता फॉर्मलिनच्या वरच्या फळीवर ठेवल्या आहेत, आणि कोणत्या रुग्णाचे ऊतक कशात जाईल हे प्रक्रियेपूर्वीच केसपेपरवर लिहायचे, असे परिचारिकांना सांगितले आहे.